सहा जण आत, सात जण बाहेर

प्रति,
मा. प्रकल्प अभियंता साहेब,
रस्ते रुंदीकरण प्रकल्प, विभाग क्र. ३,
जुन्या बाजारामागे, तेगेहसारी, बाली.

अर्जदार : नी नेंगाह सुकर्नी, वय ५१, धंदा परदेशी पाहुण्यांना स्कूटर भाड्याने देणे, राहणार देवळाचा उतार, तेगेहसारी.

विषय : फणसाच्या वळणावर गुरुवार दि. १५ मे रोजी दुपारी चार वाजता अर्धा तास आत जाऊ देण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) माझे दि. २, ७ व ९ मे रोजीचे अर्ज.
२) तिन्ही अर्जांवर आपल्या खिडकी क्र. २ ने मारलेले लाल शाईचे शेरे.

महोदय,

१. मागचे तीन अर्ज मी फार नम्रपणे लिहिले होते. हा तितका नम्र होईल याची खात्री देता येत नाही, म्हणून माफी आधीच मागून ठेवते. काम एवढेच आहे : इल्वा नावाची स्वीडनची मुलगी, वय २४, ही दि. २२ एप्रिल रोजी माझ्याच स्कूटरवरून फणसाच्या वळणावर पडली. मनगट मोडले होते, ते जुळले. डोक्याचे फोटो काढले, ते स्वच्छ आले. डॉक्टरांनी कागदावर 'बरी' असे लिहून दिले. पण साहेब, पोरगी त्या वळणावरून अजून परत आलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने तिची आई तिला घरी नेणार आहे, आणि त्याच शुक्रवारी सकाळी आपले खोदाईचे यंत्र ते वळण उचलून टाकणार आहे. मध्ये गुरुवार तेवढा उरतो.

२. मला कोणी बेपर्वा बाई समजू नये म्हणून आधी माझी पद्धत लिहिते. एकोणीस वर्षे मी हा धंदा करते. अकरा स्कूटरी आहेत. चावी मागितली की दिली, असे माझ्या दुकानात चालत नाही. आधी परवाना बघायचा, त्याच्या देशाचा आणि आंतरराष्ट्रीय, दोन्ही, आणि तोही दुचाकीचा. मोटारीच्या परवान्यावर स्कूटर चालवली की पडल्यावर विमावाला तोंड फिरवतो, हे मी प्रत्येकाला घसा कोरडा होईपर्यंत सांगते. पासपोर्ट मी कधीच ठेवून घेत नाही, नक्कल पुरते. माणसाचा पासपोर्ट आपल्या गल्ल्यात ठेवून आपल्याला झोप कशी लागेल? गाडीवरचे सगळे ओरखडे दोघांनी मिळून बघायचे आणि फोटो काढायचा, म्हणजे नंतर तू-तू मी-मी नको. पायात चपला असतील तर बूट घालून ये, असे सांगून परत पाठवते. हेल्मेट घालून मान जोरात हलवायला लावते. हेल्मेट मागे राहिले आणि मान पुढे गेली की दुसरे माप. आणि शेवटी समाजमंदिराभोवती तीन फेऱ्या. मी मागे बसते. वळणावर पुढचा ब्रेक दाबला की पाठीत धपाटा. लोक हसतात. एका जर्मन गृहस्थाने तर निघताना मला "सासूबाई" म्हणून हाक मारली होती. म्हणू देत. एकोणीस वर्षांत माझ्या गाडीवरून कोणाचे गुडघ्यापलीकडे काही फुटले नव्हते.

३. आता दि. २२ एप्रिलबद्दल. गालुंगान सणाचा आदला दिवस होता. आपण बेटाबाहेरून, सुराबायाहून बदलून आला आहात असे कळते, म्हणून लिहिते : त्या दिवशी आमच्या घरात बाईमाणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पितर दुसऱ्या दिवशी दारात येणार, आणि माझ्या नैवेद्याच्या परड्या अर्ध्यासुद्धा विणून झालेल्या नव्हत्या. यजमान आणि त्यांचे भाऊ मागच्या अंगणात मांस चिरत बसले होते, त्यांचा दंगा वेगळाच. अशात ही पोरगी हसत आली. कार्ड दाखवले. स्वीडनच्या कार्डावर कोणती गाडी चालवायची मुभा आहे ते मागच्या बाजूला छापलेले असते, हे मला पाठ आहे. मी ते कार्ड उलटून पाहिले नाही. लहान मापाचे हेल्मेट ज्या खुंटीवर होते तिच्यावर नारळीच्या पानांचा ढीग पडला होता, म्हणून समोरचे मोठे दिले. "पट्टा घट्ट लाव गं," असे बसल्या जागेवरून ओरडले आणि तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तीन फेऱ्या मारायच्या म्हणून ती थांबली होती. कोणीतरी तिला माझी कीर्ती सांगितली असणार. मीच म्हटले, "जा जा, आज नको. सणाचा दिवस आहे."

वीस मिनिटांनी ती वळणावर खडीवरून घसरली. पुढचा ब्रेक दाबला. हेल्मेट भाताच्या वाफ्यात जाऊन पडले आणि पोरगी रस्त्यावर. खडी आपल्या कामाची होती असे लोक म्हणतात. मी म्हणत नाही. खडी कुठेही असते, आणि ती आहे हे सांगणे माझे काम होते. वरील मजकूर मी पोलिसांना सांगितलेला नाही. पोलिसांनी "रस्ता ओला होता का?" एवढेच विचारले. आपल्याला मात्र लेखी देत आहे. पुढे पाठवायचा असेल तर खुशाल पाठवावा.

४. इस्पितळातून सुटल्यापासून इल्वा आणि तिची आई गुनिला माझ्याच घरी, दुकानामागच्या खोलीत राहतात. पोरगी भात पुढे ठेवला तर दोन घास खाते, मग भाताकडे बघत बसते. काही विचारले तर उत्तर येते, पण इतक्या उशिरा येते की विचारणारा विसरून गेलेला असतो. रडत नाही. रडली असती तर मी देवळात नारळ वाहिला असता. सकाळी पायरीवर बसते आणि उताराखाली, वळणाच्या दिशेने पाहते. "काय बघतेस गं?" असे मी विचारले. कितीतरी वेळाने म्हणाली, "काही नाही. कोणाची तरी वाट बघतेय असं वाटतं."

५. माणूस दचकून पडला की अंग उठते आणि आत्मा कधी कधी तिथेच राहतो. मग ज्या जागी पडला त्याच जागी, त्याच माणसाला सोबत नेऊन, पुजाऱ्याने नाव घेऊन हाक मारायची आणि त्याला घरी आणायचे. आमच्याकडे हे नवीन नाही. आपल्या खिडकी क्र. २ वरचे श्री. पासेक नऊ वर्षांचे असताना विहिरीच्या पायरीवरून पडले होते आणि आठ दिवस भिंतीशी बोलत होते. त्यांना त्यांच्या आईने असेच हाक मारून आणले. परडी माझ्या सासूबाईंनी विणली होती. आज तेच लाल शाई घेऊन बसले आहेत. त्यांना विचारावे.

आता आपण म्हणाल, जवळपास कुठेही हाक मारा. तसे चालत नाही. आणि शुक्रवारनंतर तर वळणच उरणार नाही, सरळ रस्ता होईल. तो व्हावाच. त्या वळणाने आमची बरीच माणसे पाडली, मी विरोध करायला आलेली नाही. पण तिथे राहिलेल्या पोरीने वाट बघत थांबायचे कुठे, हे मला कोणी सांगावे.

६. आधीच्या अर्जांचे काय झाले ते आपल्यापर्यंत पोचले नसावे, म्हणून लिहिते. पहिला अर्ज 'कार्यक्रमाचा प्रकार नमूद नाही' म्हणून परत आला. फॉर्मवर तीनच चौकोन आहेत : चित्रीकरण, पाहणी, खोदकाम. मी पाहणीवर खूण केली, तर "काय पाहणार?" म्हणून पुन्हा परत.

दुसऱ्या अर्जाला फाटकाच्या नोंदवहीचे पान जोडायचे होते : आत जाणारे किती, बाहेर येणारे किती. मी खरे ते लिहिले. आत जाणारे सहा : इल्वा, तिची आई, जेरो मंकू म्हणजे आमचे पुजारी, त्यांची बायको, माझे यजमान आणि मी. बाहेर येणारे सात. श्री. पासेक यांनी पान माझ्यासमोर धरले. "बाई, सहा आत गेले तर सहाच बाहेर येणार ना? सातवा कुठून आणता?" मी म्हटले, "अरे बाबा, तोच तर आणायला चाललोय!" मागच्या रांगेतले लोक हसले. त्यांनी 'संख्या जुळत नाही' असा शेरा मारला. मी सहा लिहिले असते तर परवानगी मिळाली असती, हे मला त्याच क्षणी कळले. पण देवाच्या कामात आकडा खोटा कसा लिहायचा? सहाच परत येणार असतील तर जायचे तरी कशाला?

तिसऱ्या अर्जावरचा शेरा आहे तसा उतरवते : 'प्रकल्प क्षेत्रातील प्रत्येक व्यक्तीस हेल्मेट बंधनकारक. अर्जदाराने सहा हेल्मेटची हमी दिली आहे, सातव्या व्यक्तीच्या हेल्मेटची व्यवस्था काय?' हा शेरा श्री. पासेक यांनी चेष्टेने मारला की नियमाने, ते मला ठाऊक नाही. मी बाहेर आले, आपल्या कार्यालयासमोरच्या ओट्यावर बसले, आणि रांगेतल्या सगळ्या लोकांदेखत रडले. याचे उत्तर कलम ९ मध्ये आहे.

७. मुलीच्या आईची संमती आहे का, असे आपण विचाराल. गुनिलाबाई त्यांच्या गावी शाळेत गणित शिकवतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्या स्पष्ट म्हणाल्या, "सुकर्नीताई, तुम्ही फार चांगल्या आहात, पण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही." मी म्हटले, ठीक आहे, भात खा. परवा रविवारी दुपारी त्यांनी अंगणातून लेकीला हाक मारली. "इल्वा!" पोरगी समोर चार पावलांवर उभी होती. तिने आईकडे पाहिले नाही. मान वळवून मागे, रस्त्याकडे पाहिले, जणू हाक दुसऱ्याच कोणाला होती. थोड्या वेळाने गुनिलाबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि विचारले, "गुरुवारी मी काय नेसायचं?" माझे पिवळे लुगडे त्यांना आखूड होते, तरी तेच ठरले आहे. यापेक्षा लेखी संमती मला आणता येणार नाही.

८. सबब मागणे असे. गुरुवारी चार वाजता फाटक उघडावे. आम्ही मोजून सहा जण आत जाऊ. फणसाचे झाड आपल्या लोकांनी तोडले आहे, पण बुंधा आहे, तेवढा पुरे. यंत्र अर्धा तास बंद ठेवावे, कारण हाक ऐकू गेली पाहिजे. बाहेर पडताना मात्र राखणदाराने आम्हाला थांबवू नये, नाव विचारू नये आणि मोजू नये. आमच्या गावची रीत अशी की हाक मारून आणलेल्याला घर येईपर्यंत कोणी अडवायचे नाही. अडवले तर तो लाजतो आणि मागे फिरतो. मग पुन्हा न्यायला वळण उरलेले नसेल.

उत्तर आले नाही तरी आम्ही येणार आहोत, हे लपवून ठेवत नाही. विनापरवानगी प्रवेशाबद्दल जी काही शिक्षा असेल ती मला द्यावी, बाकी पाच जणांना मी ओढून आणले असे लिहावे. मला आत जाताना पकडले तरी चालेल. मंकूंना हाक मारायला मी लागत नाही. किंवा संध्याकाळी सहानंतर माझ्या दारात पकडावे, मी चहा करून ठेवीन. फक्त मधल्या वाटेत पकडू नये. हात जोडते, साहेब. एवढे एक करू नका.

९. सातव्या हेल्मेटबाबत. लहान मापाचे, खुंटीवरून काढून पुसून ठेवले आहे. बक्कल नवीन बसवले आहे. जाताना ते मी काखेत धरून नेईन. येताना इल्वा ते डोक्यावर घालून येईल, स्वतःचे हातात धरून, म्हणजे नियमाप्रमाणे सात जणांची सात हेल्मेटे होतील आणि आपल्या नोंदवहीला काही कमी पडणार नाही. ते तिला बसते का, हे मान हलवून बघायला लावीन. मंकूंना थांबावे लागले तरी चालेल. आणि पट्टा तिला लाव म्हणून सांगणार नाही. या वेळी मी स्वतः लावीन.

आपल्या फाटकाशी उभी असलेली,

नी नेंगाह सुकर्नी
(सही)
तेगेहसारी, मंगळवार, दि. १३ मे २०२५

सोबत :
१. आधीचे तीन अर्ज, शेऱ्यांसह.
२. इस्पितळाचा 'बरी' असा दाखला.
३. फाटकाच्या नोंदवहीचे पान, नव्याने भरलेले. (आत सहा, बाहेर सात. खाडाखोड केलेली नाही.)
४. इल्वाच्या परवान्याची नक्कल, मागची बाजू.
५. माझ्या दुकानाचा परवाना, मूळ प्रत. परत पाठवू नये.