तलाव बारमाही नाही

तीर्थरूप बाबा, इथूनच तुमच्या पाया पडते.

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

आपल्या भागाच्या शेतीविकासाचा आराखडा आज आमच्या पाटबंधारे कचेरीच्या बैठकीत आला. टोमॅटोवर प्रक्रिया करणारा कारखाना आपल्या तलावाच्या पाण्यावर चालणार आहे. साहेब मला म्हणाले, "तलाव बारमाही आहे, असं लिहून सही करा."

मी म्हटलं, "साहेब, उन्हाळ्यात त्या तलावात आम्ही गुरं चारतो."

कुणीच हसलं नाही. सही न करता मी उठून आले. आईला एवढ्यात काही सांगू नका.

पुढच्या आठवड्यात पाहणीला माणसं येतील, तलावाकाठी आपलं शेत आहे, म्हणून पाण्याबद्दल ती तुम्हालाच विचारतील. दादाला त्या कारखान्यात नोकरी लागेल म्हणून तुम्ही किती आस लावून बसलाय, ते मला ठाऊक आहे. तरी खरं तेच सांगाल ना?

तुमची,
धाकटी