आदर्श रायफल आणि तिला लटकवलेले सर्व काही

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शस्त्र कारखान्याच्या आरेखन विभागातून निवृत्त झालेली अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला घरच्या डॉक्टरांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझे पती सकाळपासून दारातून डोकावून "काय लिहितेस?" असे विचारत आहेत, त्याला मी दबाव समजत नाही.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते माझ्या धाकट्या भावाच्या मालकीचे व्हावे. पतींना मागच्या खोलीत तहहयात राहता येईल. स्वयंपाकघर दोघांचे, वाद झाल्यास भावाचे म्हणणे अखेरचे मानावे. उद्या कोणी न्यायालयात भुवया उंचावू नयेत म्हणून कारण नोंदवून ठेवते.

पायदळासाठी आदर्श रायफल कशी असावी हे ठरवायला कारखान्यात समिती बसली होती. मूळ आराखडा माझा: वजनाला हलकी, सुटे भाग थोडे, चिखलात पडली तरी चालणारी. समितीतल्या कोणी उभ्या जन्मात चढावर ओझे वाहिले नव्हते. त्यांची हातातली बॅगसुद्धा मोटारीपर्यंत शिपाई न्यायचा. पण प्रत्येकाला रायफलीवर आपले काहीतरी हवे होते. एकाने दुर्बीण चढवली, दुसऱ्याने विजेरी, तिसऱ्याने तार कापणारी संगीन. माझे पती जोडसाहित्य विभागाचे प्रमुख. त्यांनी नळीखाली घडीचे दोन पाय बसवले आणि त्या संध्याकाळी शीळ घालत घरी आले.

भाऊ तेव्हा पायदळात होता. चाचणीला त्याचीच तुकडी आली. आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन त्याने रायफल खांद्याला लावून पाहिली.

"ताई, बंदूक झकास आहे. पण हे जे लोंबतंय ना, ते काढ."

"माझ्या हातात नाही रे."

"मग कुणाच्या?"

मी शेजारी उभ्या असलेल्या पतींकडे पाहिले. ते म्हणाले, "अहो मेव्हणे, सवय होईल."

सवय व्हायला सवड मिळाली नाही. चाचणीत टेकडी धावत उतरताना ते पाय आपोआप उघडले, त्याच्या मांड्यांत अडकले आणि तो दगडांवर कोसळला. गुडघ्याचा भुगा झाला. चौकशी अहवालात पतींनी शेरा मारला, "जवानाचा निष्काळजीपणा." मी विरुद्ध मत लिहून दिले. समितीने ते ऐकून घेतले आणि चहा मागवला. पुढे ती रायफल रद्द झाली, पण भावामुळे नव्हे. ती उचलून दाखवताना खुद्द अध्यक्षांची पाठ धरली, म्हणून. शेरा मात्र तसाच राहिला. भावाची नोकरी गेली, आणि तो माझ्याकडे आला तो कायमचाच.

पतींना मी सोडले नाही. सोडले असते तर दुसरीकडे कुठेतरी त्यांना मान मिळाला असता.

२. बँकेतली शिल्लक भावाला. पतींना "उत्कृष्ट जोडसाहित्य" म्हणून मिळालेली ढाल त्यांचीच आहे. ती दिवाणखान्यातून मागच्या खोलीत हलवावी. तिथे भिंतीला ओल आहे, तेवढी जागा झाकली जाईल.

३. कंपासपेटी आणि टी-पट्टी तंत्रशाळेला द्याव्यात. रायफलीच्या मूळ आराखड्यांबद्दल मात्र वेगळे सांगायचे आहे.

गेल्या महिन्यात नवी समिती घरी आली. पुन्हा आदर्श रायफल. यांना तिच्यावर कॅमेरा हवा, पंखा हवा, आणि ते चालवायला जवानाच्या पाठीवर बॅटरी. पतींनी हुरूपाने खुर्ची पुढे ओढली. एका साहेबांनी सहज भावाला विचारले, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

"ती घेऊन पळता आलं पाहिजे," भाऊ म्हणाला.

साहेब कौतुकाने हसले आणि वजनाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलून मोकळे झाले. मग माझे आराखडे मागितले. मी म्हटले, "आधी माझ्या भावावरचा शेरा पुसून आणा."

"तो विभाग वेगळा आहे, बाई."

आराखडे भावाच्या ताब्यात राहावेत. शेरा पुसल्याचा लेखी आदेश आल्याशिवाय त्यातली एक रेघही कोणाला दाखवू नये. पतींनी चूक कबूल करणारा साधा अर्ज केला तरी काम होईल. मी तो टाइप करून कधीचा त्यांच्यापुढे ठेवला आहे. त्यांना चष्मा सापडत नाही.

४. माझ्या शोकसभेत पतींनी भाषण करू नये. ते करतीलच, आणि "आम्ही दोघांनी मिळून" अशीच सुरुवात करतील. तेव्हा भावाने पहिल्या रांगेतून उठावे आणि मधल्या वाटेने बाहेर जावे. कोणी त्याला हात देऊ नये. त्याला दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ जमलेल्या सगळ्यांनी पाहत राहावे.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
(सही) घरचे डॉक्टर
(सही) समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: अकरा डिसेंबर