काढून टाकलेल्या दाव्याची वारस

मी, गोजरा हरिश्चंद्र मढवी, वय सदुसष्ट, धंदा मसाला कांडप, राहणार सानपाडा, नवी मुंबई, माझ्या मिळकतीची ही व्यवस्था पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. गाठ माझ्या पोटात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. टायपिस्ट म्हणाला, "मावशी, यातला राग काढून नुसती मिळकत ठेवू का?" मी म्हटलं, रागही स्वकष्टार्जितच आहे, तोही टाईप कर.

१. माझे पती वारले आहेत, मूलबाळ नाही. सानपाड्याची सदनिका मी माझ्या धंद्यावर घेतली. ती, आतल्या सर्व सामानासह, माझ्या धाकट्या भावाची मुलगी निशिगंधा नंदकुमार म्हात्रे हिला द्यावी.

२. घणसोली गावातल्या भाड्याच्या गाळ्यातला मिरची कुटायचा डंक, चाळण्या आणि वजनकाटा माझ्याबरोबर कांडपावर राबणाऱ्या बयाबाईला. माझ्याइतकाच मिरचीचा खकाणा तिनेही खाल्ला आहे.

३. माझे वडील धर्मराज म्हात्रे यांची शेती या शहरासाठी गेली. त्या बदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतका भूखंड मिळाला. वडील गेल्यावर भाऊ नंदकुमार याने वारस म्हणून स्वतःचं एकट्याचं नाव लावलं. मी विचारलं तर म्हणाला, "बाय, तुला लग्नात दिला नाय का?" लग्नात मला एक कपाट दिलं होतं, त्याचं दार आजही लागत नाही. मी बेलापूरच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला.

साक्षीच्या तारखेला सकाळी नंदकुमारचा फोन आला. "बाय, आयला दम लागलाय. तू बस तिच्यापाशी. मी कोर्टान जाऊन दोघांसाठी पुढची तारीख मागतो." मी हॉस्पिटलात गेले. आई सखू तोंडावरची नळी बाजूला करून म्हणाली, "गोजरे, तू कोर्टान जा. मी काय आज मरत नाय." मी गेले नाही. कितीही झालं तरी भाऊ आईच्या नावाने खोटं बोलणार नाही, असं मला वाटलं. तिकडे भाऊ न्यायाधीशांसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, मी हजर आहे, वादीचा पत्ता नाही. माझे वकील चंद्रशेखर ठाण्याला दुसऱ्या कामात होते. पुकारा झाला, कोणी उठलं नाही, वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला.

आई त्याच आठवड्यात गेली. दावा काढून टाकल्याचं मला तिच्या तेराव्याला कळलं. पंगतीत नंदकुमार भात वाढता वाढता म्हणाला, "चला, बाय, आता कोरटाचा टेन्शन संपला." मी ताटावरून उठले.

दावा पुन्हा नोंदीवर घ्यावा म्हणून मी अर्ज केला. त्यावर या माणसाने शपथेवर लिहून दिलं की, त्या दिवशी मी हॉस्पिटलात नव्हतेच, मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला सहलीला गेले होते. मी आयुष्यात लोणावळा पाहिलेला नाही. आई मरत असताना ज्याला बहिणीसाठी सहल सुचली, त्याच्याबद्दल शिवी शोधली, पण शिवीलाही काही पत असते.

तेव्हा ऐरोलीच्या कंपनीतून सुट्टी घेऊन निशिगंधा कोर्टात आली. बापाने तिला दारातच अडवलं. "बापाच्या विरुद्ध जातेस?" ती म्हणाली, "पप्पा, तुमीच मला डबा देऊन हॉस्पिटलात पाठवलं होतं. डबा आजीचा आणि आत्याचा, दोघींचा होता." हेच तिने आत जाऊन शपथेवर सांगितलं. नंदकुमार छताचा पंखा बघत राहिला. अर्ज मंजूर झाला, दावा पूर्ववत उभा राहिला. त्या संध्याकाळी तिचे कपडे बापाच्या सोसायटीच्या गेटवर पिशवीत भरून ठेवलेले होते. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

या दाव्यातला माझा हक्क आणि त्यातून मिळेल तो सर्व हिस्सा मी निशिगंधाला देते. माझ्या मृत्यूनंतर तिने मुदतीत अर्ज करून माझ्या जागी स्वतःचं नाव लावून घ्यावं. उशीर झाला तर दावा आपोआप पडतो, आणि आमच्या घरात तशी वाट पाहणारी माणसं आहेत.

४. चंद्रशेखर वकिलांनी माझ्या दहाव्याला येऊ नये. ज्युनियरलाही पाठवू नये.

५. नंदकुमार याला मी काहीही देत नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही. मला अग्नी निशिगंधा देईल. त्याने खांदा देऊ नये. त्याच्या आधाराचा मला अनुभव आहे.

६. गेल्या रविवारी तो पेढे घेऊन आला. मला म्हणाला, "बाय, दावा मागं घे. पोरीला घरी नेतो, तिचं लग्न लावून देतो." पोर शेजारीच उभी होती, तरी तिच्याकडे बघितलं नाही. मी निर्णय तिच्यावर सोडला. आई-बापाचं घर तुटणं काय असतं ते मला माहीत आहे. ती गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिने पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला आणि मला विचारलं, "आत्या, पुढची तारीख कधी आहे?"

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणून दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. त्या वेळी निशिगंधा खोलीत नव्हती.

गोजरा हरिश्चंद्र मढवी (सही)

साक्षीदार:
१. दिपेश काशिनाथ भोईर, घणसोली गाव (सही)
२. सुचिता अरुण कांबळे, सानपाडा (सही)

ठिकाण: सानपाडा, नवी मुंबई
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५