आईनं न उघडलेलं पोतं

उमुओझारा,
१८ जानेवारी

चि. ओबियाजुलू यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. थोरलीनं आशीर्वादानं सुरुवात करायची असते म्हणून लिहिलेत, जास्त अर्थ काढू नकोस.

फोन करून थकले. तुझा सेक्रेटरी दर वेळी म्हणतो, "मॅडम, सरांना निरोप देतो." मी मॅडम नाही, तुझ्या सरांचा शेंबूड पुसलेली बाई आहे, हेही त्याला सांगून झालं. तो निरोप तुला पोचला नसणार. म्हणून तुझा ड्रायव्हर अंगणात जेवतोय तोवर हे लिहून त्याच्याच हाती देते. भला माणूस आहे. आल्या आल्या आधी आईला भेटला, मग सामान उतरवलं.

इकडे सगळं ठीक. धुळीचे वारे सुटलेत, सगळ्यांचे ओठ फुटलेत. शेळी व्यायली. आई बरी आहे. आईचं पुढे लिहिते.

आधी कापडाचं. ईस्टरला तू सरदारकीची लाल टोपी घालणार, आणि मी घराण्यातल्या सगळ्या लेकींना घेऊन नाचत यायचं, अशी चिठ्ठी कापडाबरोबर आलीय. लेकी नाचत आल्याशिवाय टोपी डोक्यावर चढत नाही, हे बरं लक्षात राहिलं तुला! कापड उलगडलं तर काय, सगळीकडे तुझंच तोंड. ते आम्ही कमरेला गुंडाळायचं ना? मग तुझं तोंड नेमकं कुठे येतं, हे छापणाऱ्यानं सांगितलं नाही का तुला? शेजारच्या ओबिडियानं गुंडाळून पाहिलं, पाठ फिरवून दाखवली आणि म्हणाली, "उगोये, आता मी बसू की नको? भाऊ गुदमरायचा तुझा!" बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. मग आत जाऊन रडले, पण ते कापडामुळे नव्हे.

नाताळात तू आलास. आलास म्हणजे तिकडे ओवेरी शहरातल्या हॉटेलात उतरलास. गावात वीज नाही, उद्या येतो, असा निरोप धाडलास. आईनं कोंबडा कापला, कडू पाल्याचं कालवण केलं. आपल्यात परगावाहून आलेला लेक आधी आईच्या भांड्यातलं खातो, मग गावाला तोंड दाखवतो. हे विसरायला तू काही चंद्रावर वाढलेला नाहीस. कालवण पुन्हा पुन्हा गरम करून आटून गेलं. शेवटी आई म्हणाली, "त्याला वेळ नसेल तर मीच जाते. पोटच्या पोराकडे जायला लाज कसली?"

तू शाळेच्या मैदानावर विधवांना नाताळाचे तांदूळ वाटत होतास. मांडव, बँड, लाउडस्पीकर, सगळा थाट. फाटकावर तू शहरातून आणलेली दांडगी पोरं. आई त्यांना म्हणाली, "मी त्याची आई." त्यांच्यातला एक दात काढून म्हणाला, "आज सगळ्याच त्याच्या आया आहेत, आजी. टोकन आहे का? टोकन फक्त विधवांना." आई म्हणाली, "मग मी काय सवाष्ण आहे? दे एक." आणि तुझी आई, ओबियाजुलू, तुझ्याच तांदळाच्या रांगेत उन्हात उभी राहिली. मी तिच्या मागे. बायकांना वाटलं, काय हा साधेपणा! त्या तिला पुढे जा म्हणत होत्या, पण ही आपली पाळी सोडून जाईना.

आमची पाळी आली. तुझ्या डोळ्यांवर काळा चष्मा. कानठळ्या बसवणारा बँड. तुझ्या शेवटच्या खेपेपासून ती वाळलीय, कबूल. पण इतकी? तिनं तुला "माझ्या बापा" म्हणून हाक मारली. तू रांगत होतास तेव्हापासून तशीच मारते. तू तिची हनुवटी धरलीस, तोंड कॅमेऱ्याकडे वळवलंस आणि म्हणालास, "इकडे बघा, आजी." हातात पोतं दिलंस. "पुढच्या या." मी ओरडले, "अरे मेल्या, आई आहे ती!" तर तुझ्या पोरांनी मला कोपरानं बाजूला सारलं, आणि तू पुढच्या बाईची हनुवटी धरलीस.

वाटेत वाटलं, आता ही मटकन खाली बसणार. पण ही खुशीत! "बघितलंस? माझी हनुवटी धरली. चारचौघांत रडू फुटेल म्हणून बोलला नाही गं. लहानपणापासून असाच आहे तो."  

ते पोतं तिनं उघडलेलं नाही. त्याच्यावरचा तुझा फोटो पुढे येईल असं खाटेशी उभं करून ठेवलंय. घरातले तांदूळ संपले तरी हात लावू देईना. "तो येईल तेव्हा त्यालाच शिजवून घालीन," म्हणते. पोत्यात आता किडे झालेत, शिवणीतून बाहेर येतात. तीही बघते, आणि बोटानं टिपून टाकते.

आता जे लिहायचं टाळत होते ते. नवीन वर्षाची कॅलेंडरं तू घरोघर वाटलीस. पहिल्याच पानावर तू, पोतं आणि आई. खाली छापलंय, 'गावातील एका निराधार विधवेला मदतीचा हात.' आईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिहिलंय गं?"

मी सांगितलं, "'माझी आई' असं लिहिलंय."

तिनं ते दारासमोरच टांगलं. येईल त्याला ओढत नेऊन दाखवते, "वाचा, वाचा खाली काय लिहिलंय." आणि लोक वाचतात, माझ्याकडे बघतात, आणि म्हणतात, "हो हो, छान लिहिलंय." अरे, ओबिडियासुद्धा! गावात कुणाची गय न करणारी ती बाई, वाचून खाली मान घालून म्हणाली, "नशीबवान आहात, आत्या." तू डिसेंबरात दान केलंस ना? इथे अख्खं गाव तुझ्या आईला रोज दान घालतंय, आणि त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

पण आता आईच्या मनात भरलंय की रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानायचे. कॅलेंडर घेऊन जाणार, आणि नव्या फादरांकडून ते लाउडस्पीकरवर वाचून घेणार. फादर आहे तसंच वाचतील. त्यांना खोटं बोला म्हणून मी सांगणार नाही, आणि आईला अडवायची माझी छाती नाही. कालपासून ती ठेवणीतलं लुगडं उन्हात घालतेय.

तेव्हा शनिवारी ये. एकटा ये. कॅमेरा, बँड, पोरं काही नको, चष्माही नको. ती तुला तेच किडके तांदूळ वाढेल. निमूट खा, परत माग, आणि ते कॅलेंडर तुझ्या हातानं भिंतीवरून उतरव. काय सांगून उतरवायचं ते तू बघ, भाषणं करायची सवय आहेच तुला.

नाही आलास, तर रविवारी चर्चला निघण्याआधी दार लावून मीच तिला वाचून दाखवीन, छापलंय तसं. मग देवाचे आभार कशाबद्दल मानायचे ते तिचं ती ठरवील. आणि तुझी टोपी तू आरशासमोर घाल. घराण्यातली एकही लेक नाचायला येणार नाही. कापड ड्रायव्हरबरोबर परत पाठवतेय, ओबिडियानं गुंडाळलेलं तेवढं धुऊन घे.

ड्रायव्हर हात धुतोय. आई त्याला कॅलेंडरपाशी घेऊन गेलीय. तो वाचतोय.

त्यानंही "छान" म्हटलं.

त्याच फोटोत आईच्या मागे जिचं डोकं कापलं गेलंय, ती तुझी बहीण,
उगोये