लेखकाच्या घरातील एकेचाळीस क्रमांकाच्या खुर्चीबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
लेखक निवास संग्रहालय.

विषय : प्रेक्षकांना सांगितलेल्या खोट्या गोष्टींची कबुली, व संग्रहालयात पुन्हा प्रवेश मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे प्रवेशबंदीचे पत्र.

महोदया,

या घरात मी सांगितलेल्या सर्व खोट्या गोष्टींची लेखी कबुली दिल्यास माझ्या प्रवेशबंदीचा फेरविचार होईल, असे आपण उपरोक्त पत्राने कळविले आहे. त्यानुसार कबुली सादर करतो. एकोणीस वर्षे मी या घराचा रखवालदार होतो आणि निवृत्तीनंतरची चार वर्षे रोज तिकीट काढून येत होतो. सगळे लिहायचे तर कागद पुरणार नाही, म्हणून मोठ्या थापा तेवढ्या घेतो.

१. अभ्यासिकेच्या भिंतीवरचा काळा डाग हा कादंबरी संपल्यावर लेखकाने भिरकावलेल्या दौतीचा नाही. ती वरच्या टाकीची गळती आहे. एका प्राध्यापकांनी तो डाग फूटपट्टीने मोजून ग्रंथात छापला, तेव्हा मी गप्प राहिलो. त्यांचा चेहरा फार खुलला होता.

२. लेखक नवे प्रकरण मांजराला वाचून दाखवीत आणि ते दारातल्या भोकातून उठून गेले की पाने फाडीत, असे मी सांगत असे. ते भोक नळवाल्याने चुकून पाडले आहे. लेखकाला मांजराने शिंका येत. हेही मला नक्की माहीत नाही, तरी तेही खोटेच धरावे.

३. हस्तलिखितासाठी प्रकाशक तीन दिवस न्हाणीघरात दडून बसला नव्हता. आपल्या मार्गदर्शक बाईंनी सर्वांदेखत "आजोबा, हे कुठल्या पुस्तकात आहे?" असे विचारले, तेव्हा मी पुस्तकाचे नावही ठोकून दिले. त्याबद्दल विशेष दिलगीर आहे.

४. नोंदवहीतील क्रमांक ४१, वेताची खुर्ची. लेखकाच्या पत्नी हीत बसून प्रत्येक प्रकरण प्रथम ऐकत, अशी पाटी आहे. त्या बाईंनी ही खुर्ची पाहिलेलीही नाही. ती माझ्या घरची आहे.

खुलासा असा की, आमची ही रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून माझ्या दिवसभराच्या थापा ऐकत असे. सगळे ऐकून झाल्यावर म्हणायची, "बरं, आता खरं काय झालं ते सांगा." ती गेल्यावर दोन महिने मी रिकाम्या खुर्चीसमोर बोलून पाहिले. कुणी अडवीत नसल्यामुळे थाप पुढे सरकेना. मग एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, खुर्ची हातगाडीवर घालून आणली आणि लेखकाच्या टेबलासमोर ठेवली. घरी ती बघवत नव्हती आणि तिच्यावाचून करमतही नव्हते. पुढल्याच आठवड्यात आपले कारकून वस्तूंच्या मोजणीला आले. मोजणीच्या दिवशी खोलीत जे असेल ते लेखकाचे, असा नियम. त्यांनी खुर्चीला तारेने बिल्ला अडकवला, मी तोंड उघडले नाही. प्रेक्षक विचारू लागल्यावर मात्र उघडले.

चुकून नोंदलेली वस्तू मालकास परत करावी लागते, हे मी जाणतो. हात जोडून विनंती की ती परत करू नये. तिथे निदान माणसे तिच्यासमोर थांबतात. एका गृहस्थाने तर "बघ, ही ऐकायची" असे स्वतःच्या बायकोला सुनावले होते. माझ्याकडे कुणी येत नाही. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून जातो. बंदी आल्यापासून मी रोज फाटकाबाहेरच्या बाकावर बसतो. तिथून अभ्यासिकेची खिडकी दिसते, खुर्ची दिसत नाही.

प्रवेश मिळाल्यास कुणाशी बोलणार नाही. मार्गदर्शक बाई चुकल्या तरी खोकणारसुद्धा नाही. पाटी बदलावी, हवी तर कोरी ठेवावी. मात्र खुर्ची आणि मी, दोघांनीही आत राहणे नियमात बसत नसेल, तर खुर्ची आत राहू द्यावी व माझी बंदी कायम करावी.

आपल्या उत्तराची फाटकापाशी वाट पाहणारा,
(सही)
माजी रखवालदार
दिनांक : १७ मार्च

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. फोटो, एक. खुर्चीत बसलेली ती हीच. पाहून परत मिळावा, दुसरा नाही.