बापूंचा फेटा आणि सोळा जीबी रॅम

चि. शाम यास, वडील भावाचा आशीर्वाद (रागातून उरला तेवढा). पुण्यात तुझी तब्येत, नोकरी, डोक्यावरचे केस सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस. इकडे पुसदला याडीचे (तुझ्या पुणेरी भाषेत आईचे) गुडघे दुखतात आणि तुझ्यामुळे माझं डोकं.

जयाताईच्या लग्नाची कॅसेट आठवते ना? गेलेले बापू चालता-बोलता दिसतात अशी तेवढी एकच वस्तू आपल्याकडे, आणि तिची फीत आता झडतेय. याडीला पाहायची म्हणून माझ्या फोटोच्या दुकानातल्या संगणकात उतरवायला घेतली. संगणक रडतो म्हटलं तर तू मेसेज केलास, रॅम वाढव. चारची सोळा केली. कॅसेट लावली, आणि पासपोर्ट फोटोला बसलेल्या रंजिताबाईंच्या कपाळावर (पडद्यावरच्या) बापूंच्या लाल फेट्याचे पट्टे उमटले! बाई "हे पासपोर्टात चालते काय?" म्हणून उठून गेल्या आणि संगणक बंद पडला.

त्यावर तुझा हा एवढा लांब मेसेज. कॅसेट उतरवणारं कार्ड जुनं, त्याला पहिल्या चार जीबीपलीकडचे पत्ते कळतच नाहीत. लांबचा पत्ता दिला की पुढचे आकडे गाळतं आणि माल भलतीकडे टाकतं (म्हणजे आपल्या तांड्यावरच्या १०४ नंबरच्या घरचं पार्सल कुरिअरवाल्यानं ४ नंबरात फेकावं). म्हणून कर्नल, म्हणजे संगणकाचा आतला कारभारी, आधी प्रत्येकाला त्याचा पल्ला विचारतो. ज्याचा हात पोचत नाही त्याचा माल जवळच उतरवून घेतो आणि तिथून स्वतः वर नेतो. आपण नाही का फाट्यावरच्या पानठेल्यावरून पार्सल उचलून आणत? मग तूच बसवून दिलेल्या या कारभाऱ्याला माझ्याच दुकानात झोप का लागली? तू दिवसभर तिथे करतोस तरी काय? स्वतः येऊन दुरुस्त कर.

तुझा भिया,
इंद्रजीत

ता. क. तू पाठवलेल्या ड्रायव्हरच्या फाईलमध्ये कार्डाचा पल्ला ३२ बिट (म्हणजे तेच चार जीबी) लिहिला होता. तो मी ६४ केला होता. एवढी नवी रॅम घातल्यावर आपल्याच कार्डाला कमी कशाला लेखायचं? (हे जयाताईला सांगू नकोस.)

ता. क. २. काल परत ३२ केलं. कॅसेट पूर्ण उतरली, तेव्हा दुरुस्तीला यायची गरज नाही. याडीनं तीनदा पाहिली. शेवटी मांडवात बापू हाका मारतात, "शाम, कुठी गेला रे?" तू कुठेतरी लाडू हाणत असशील. दरवेळी याडी पडद्याला उत्तर देते, "पुण्याले हाय तो, येऊन राह्यला." रविवारी ये.