पांढऱ्या छत्रीची बाई

॥ श्री भगवती प्रसन्न ॥

कोल्हार,
८ फेब्रुवारी २०२६

चि. वैजनाथ यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. सौ. ज्ञानेश्वरी आणि चि. निकिता यांनाही.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हूं हूं करत राहिले, त्याचा राग मानू नकोस. तुला ऐकू जावं म्हणून ओरडावं लागतं, आणि इथं ओरडलं की निकिताच्या स्थळाची बातमी निम्म्या गल्लीला. म्हणून पत्रच लिहिते. तूही पत्रानंच उत्तर दे.

आबासाहेबांच्या अमृतची चौकशी सुरू केली आहे. अंगणवाडीत तीस वर्षं काढल्याचा एवढा फायदा, की कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसलं तरी कशाला आलात असं कोणी विचारत नाही. मुलगा दुधाच्या शीतकरण केंद्रात कामाला आहे, पगार वेळेवर, तंबाखूसुद्धा नाही. शेजारची केशरबाई तर म्हणाली, की पोरगं लई गुनी हाय, नाव ठेवायला जागा न्हाई. एवढं चांगलं ऐकलं की मी आणखी खोलात शिरते. माझ्या वेळीही सगळे असंच सांगत होते.

आता मुद्द्याचं. या मुलाला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद आहे. मोबाईल खिशात असताना भंगारातून आणलेले, रोल घालायचे कॅमेरे! त्यातला एक तर डबाच आहे, पुढं एकावर एक दोन भिंगं. तो छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं. समोरच्याला कळतच नाही आपला फोटो निघाला की नाही. सकाळी नदीवर, संध्याकाळी पुलावर, असा डबा घेऊन हिंडतो. फोटो मात्र आजवर कुणाला दाखवलेला नाही. न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद लावलाय, आत औषधांच्या बाटल्या, आणि दार उघडलं की लोणच्याला येतो तसा आंबूस वास. सरळ माणसाला काळा कागद कशाला लागतो?

मी त्याच्या मागावर आहे. काळी छत्री पुढं धरली की ऊनही लागत नाही आणि तोंडही झाकतं. त्याला अजून पत्ता नाही.

तुझी काळजी करणारी,
अक्का


कर्जत,
१३ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास वैजनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. ज्ञानेश्वरीनं वाचून हसून घेतलं, निकितानं वाचून तोंड फुगवलं. मी मधल्यामध्ये.

अक्का, रोलच्या कॅमेऱ्यांचा नाद हल्ली बऱ्याच पोरांना लागलाय म्हणे. दारूपेक्षा बरा की. निकिता त्याला नगरला एकदा भेटली, तासभर बोलली, आणि घरी आल्यापासून भाकरी थापताना गाणं गुणगुणते. याआधीची दोन स्थळं तुझ्या पत्रावरून आपण सोडली. एकाचा चुलता भांडखोर निघाला म्हणून आणि दुसरा बूट फार चमकवतो म्हणून. तेव्हा निकितानं चकार शब्द काढला नाही. या वेळी मात्र ती म्हणाली, की आत्याला म्हणावं जरा दमानं घे.

तरी तुझ्या शब्दाबाहेर मी नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी कुणी कोल्हारला पाऊल टाकून चौकशी केली असती तर तुझं आयुष्य वेगळं झालं असतं. मी तेव्हा लहान होतो, पण ते मनातून जात नाही. तू नको म्हणालीस तर नको. फक्त नीट बघ.

मी स्वतः येऊन गेलो असतो, पण डावा गुडघा असा धरलाय की अंगणापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागते. एस.टी.चा प्रवास सध्या तरी जमायचा नाही.

आशीर्वाद असू दे.
तुझा,
वैजनाथ


कोल्हार,
२४ फेब्रुवारी २०२६

चि. वैजनाथ यास आशीर्वाद.

जे नको होतं तेच निघालं. हे पत्र निकिताच्या हाती देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात अमृत कामावर गेलेला बघून मी त्याच्या घरी गेले. जनगणनेचं काहीतरी विचारायचंय असं सांगितलं. त्याची आई कडूबाई भोळी आहे, तिनं चहा टाकला. मी पाय धुण्याचं निमित्त करून न्हाणीघरात गेले. दोरीला चिमट्यांनी लांब पट्ट्या वाळत घातल्या होत्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. त्यावर बिस्किटाएवढे चौकोन. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरून बघितल्या.

वैजू, बहुतेक चौकोनांत एकच बाई! कुठं पुलाच्या कठड्याशी, कुठं देवळाच्या पायरीवर, कुठं एस.टी. स्टँडवर. केस काळेभोर, साडीही गडद. चेहरा काळपट आणि एवढासा, काही केल्या ओळखू येईना. पण एक खूण पक्की. तिच्या हातात पांढरी छत्री. पांढरीशुभ्र! आपल्या गावात पांढरी छत्री घेऊन हिंडणारी बाई म्हणजे साधीसुधी नव्हे. आणि ती नटवी त्याला जागोजागी भेटते.

मी तिचा माग काढायला लागले. बाजाराच्या दिवशी छत्र्या दुरुस्त करणाऱ्या छगनला विचारलं, की पांढरी छत्री कुणी आणली होती का. तो म्हणाला, की बाई, धा वर्सांत पांढरी छत्री बघितली न्हाई. केशरबाईला विचारलं, भाजीवाल्यांना विचारलं, सगळा बाजार पालथा घातला. आणि अमृत तिथंच होता, पलीकडच्या बाजूला तोंड करून, डब्यात मान घालून. तिचीच वाट बघत असणार.

मला आता आणखी बघायचं नाही. निकिताला वाईट वाटेल, रडेल. पण लग्नाआधी रडलेलं बरं. मी नंतर रडले. तू ताबडतोब नकार कळव. कारण सांगत बसू नकोस, पत्रिका जमत नाही म्हण.

तुझी,
अक्का


कर्जत,
२८ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास सा. नमस्कार.

पत्र वाचलं. तू म्हणतेस तर त्याप्रमाणे बघतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस, रक्तदाबाची गोळी वेळेवर घे.

निकिताला काही सांगितलं नाही, पण पोस्टमन आला की ती लपूनछपून बघत असते. तुझ्या वळणावर गेली आहे. काल तिनं विचारलं, की आत्याला माझं सुख बघवतं ना? मी तिला रागावलो. तिला काय उत्तर द्यायचं ते तूच मला सांग.

एक मात्र मनात येतं. कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी तो मुलगा ओरडत नाही. समोर येऊन, ओठ दिसतील असा उभा राहून, सावकाश बोलतो. आणि माणसाला समजलं नाही तर न कंटाळता पुन्हा सांगतो. असं आपलं कानावर आलं. बाईच्या भानगडीचा माणूस असा असतो का, ते तू ठरव.

गुडघा तसाच आहे.

तुझा,
वैजनाथ


कोल्हार,
७ मार्च २०२६

ती. राजेश्वरीमावशी यांना अमृतचा नम्र नमस्कार.

पत्र बघून आपल्याला राग येईल, आणि तो यायलाच हवा. केशरकाकू म्हणाल्या, की मावशी गावभर पांढऱ्या छत्रीची बाई शोधतायत. आई म्हणाली, की जनगणनेला येऊन तुम्ही न्हाणीत बराच वेळ होतात. तेव्हा मला उलगडा झाला.

त्या पट्ट्या म्हणजे निगेटिव्ह. त्यांच्यावर सगळं उलटं उमटतं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. पिकलेले केस काळे दिसतात, फिकट साडी गडद दिसते, आणि काळी छत्री पांढरीशुभ्र. कागदावर छापलं की सगळं पुन्हा जागेवर येतं. छापलेले फोटो सोबत ठेवले आहेत.

पहिल्या रोलमध्ये आपण चुकून आलात. मी पूल काढत होतो, धुतल्यावर बघतो तर कठड्याशी आपण. दुसऱ्या दिवशी देवळाजवळही आपण. निकिताच्या आत्या कोल्हारात असतात हे मला माहीत होतं, त्यामुळं कशासाठी ते कळलं. पुढं मात्र मी मुद्दाम काढले. या कॅमेऱ्यात वरून बघायचं असल्यानं नदीकडं तोंड करूनही भिंग बाजूला वळवता येतं. न विचारता फोटो काढले, ती लबाडी माझीच. निगेटिव्हही सोबत देत आहे, ठेवा किंवा जाळा.

फोटो कुणाला दाखवत नाही असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर अजून दाखवण्यासारखे येत नव्हते. हे आले.

आपल्या मनातली शंका फिटावी एवढीच इच्छा.

आपला,
अमृत


कोल्हार,
११ मार्च २०२६

चि. वैजनाथ यास अक्काचे आशीर्वाद.

अमृतचं पत्र सोबत जोडलं आहे, ते आधी वाच.

वाचून मी आधी भडकले. परक्या बाईचे चोरून फोटो काढतो म्हणजे काय! मग लक्षात आलं, की महिनाभर चोरून मागं कोण फिरत होतं. एकटीच हसले. नंतर फोटो खिडकीशी नेऊन नीट बघितले.

माझा एकटीचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या आणि पदर, तोंड दिसतच नाही. या फोटोत पहिल्यांदा मी मला दिसले. पुलाच्या कठड्याशी, मान पुढं काढून, ओठ घट्ट मिटून, डोळे बारीक करून बघणारी बाई. वैजू, ती मी नव्हतेच, ती आपली आई होती. मला माहेरी न्यायला यायची तेव्हा ती दारातच थांबून अशी बघायची. माझ्या हातावर, गळ्याशी वळ शोधायची. तोंडानं कधी काही विचारलं नाही. आई बघत होती, पण उशिरा. मी आधीच बघायला निघाले, आणि बघता बघता चांगल्यालाही वाईट म्हणायला शिकले. निकिताच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. तिला हे पत्र वाचायला दे.

तुझा नकार पोहोचला असणार या धास्तीनं मी लगेच अमृतच्या घरी गेले. छत्री न घेता, पुढच्या दारानं. कडूबाईला म्हटलं, की पत्रिकेचं मनावर घेऊ नका, चूक माझी, आमच्याकडून होकार समजा. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, नकार कसला वो बाई? आमाला तर काईच निरोप न्हाई आला. अमृत कोपऱ्यात उभा होता. मी त्याला सांगितलं, की फोटो काढायचाच तर समोरून काढ. त्यानं डबा आणला. समोर बघायचं ठरवलं तेव्हा तोंड कसं ठेवायचं तेच मला कळेना. तो म्हणाला, जसं निकिताकडं बघता तसं बघा. तो फोटो अजून छापायचा आहे.

रविवारी निकिताला घेऊन या. पुरणाचं बघते.

सौ. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. माया अशीच राहू दे.
तुझी,
अक्का

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता बाजाराचा फोटो पुन्हा बघितला. मी छगनशी बोलते आहे, आणि मागं चहाच्या टपरीवर एक माणूस तोंडासमोर पेपर धरून बसलाय. पेपर उलटा आहे. टोपीखालून कानातलं मशीन दिसतंय. अमृतला विचारलं, तर म्हणाला, की हे आजोबा दूरवरून आले होते, ऐकू कमी येत होतं, कॅमेऱ्याबद्दल खूप विचारत होते. माझ्यावर तुझा भरवसा नव्हता, आणि तसं तोंडावर म्हणायला तुझी जीभ उचलली नाही. बरं केलंस आलास. बाबांनी माझं लग्न ठरवलं तेव्हा एवढंच कुणीतरी करायला हवं होतं. आणि तू नुसता बसलेला नाहीस, चांगला मांडी घालून बसला आहेस. गुडघ्याला आराम पडला म्हणायचा.